पहाटेची धाव आणि वाटेवरचे धोके : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात धावण्याच्या सरावावर लेख प्रसिद्ध झाला, त्यावर आलेल्या पत्रांत गुडघेदुखी आणि बूट यांविषयीचे प्रश्न थोडेच होते. बहुतेकांनी विचारले होते ते वाटेत भेटणाऱ्या जनावरांविषयी, वाहनांविषयी आणि अंधाराविषयी. त्यांतील काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची वस्ती जुन्नर तालुक्यात आहे. माझा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो आणि रोज पहाटे साडेचारला कालव्याच्या रस्त्याने धावायला जातो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आहे. गेल्याच महिन्यात शेजारच्या गोठ्यातले वासरू बिबट्याने नेले. मुलगा परत येईपर्यंत त्याची आई दारातच बसून असते. आम्ही फार बोललो तर तो म्हणतो, “मग मी हायवेला धावतो.” काय करावे?
— एक पालक, जुन्नर तालुका

उत्तर : आपणा उभयतांची काळजी रास्त आहे, पण मुलाने सुचवलेला पर्याय बिबट्यापेक्षाही घातक आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या मुलांना एसटी बसची धडक बसली आणि तीन तरुण जागीच गेले. त्याच वर्षी जुलैत, शंभरी ओलांडल्यावरही मॅरेथॉन धावलेले फौजा सिंग पंजाबातल्या आपल्या गावाजवळ महामार्गावर मोटारीच्या धडकेत मृत्यू पावले. पहाटे चार ते सहा हा वेळ रात्रभर गाडी चालवलेल्या चालकाच्या डोळ्यांवर झापड येण्याचा असतो. त्यात समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रखर झोत डोळ्यांवर पडला, की गडद रंगाची ट्रॅकपँट घालून कडेने धावणारा मुलगा त्याला काही क्षण दिसतच नाही. त्यातून आपली मुले चौघे-पाचजण शेजारी-शेजारी, गप्पा मारत आणि वाहनांकडे पाठ करून धावतात. लहानपणी शाळेत शिकवलेले “डावीकडून चाला” त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु जिथे पदपथ नाही तिथे पायी माणसाने उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसेल अशा रीतीने, एकामागे एक जावे. असे धावणाऱ्याला निदान बाजूला उडी मारण्याइतका अवधी मिळतो. मागून आलेली गाडी तो अवधी देत नाही.

तरीही माझा आग्रह आहे, की हायवे नकोच. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. एवढ्या अंतरासाठी लांबलचक रस्ता लागत नाही. मोजलेले, सपाट मैदान लागते. गावातल्या हायस्कूलच्या मैदानावर टेप लावून २०० मीटरची फेरी आखून घ्या, आठ फेऱ्यांत मुलाचे १६०० मीटर होतात, आणि प्रत्येक फेरीला किती सेकंद लागले हेही कळते, जे कालव्यावर कधीच कळत नाही. मुख्याध्यापकांशी आणि ग्रामपंचायतीशी बोलून मैदानाच्या कोपऱ्यात एक दिवा लावून घेता आला, तर त्या एका दिव्याचा उपयोग गावातल्या सगळ्या उमेदवारांना होईल. भरतीच्या दिवशी धावायला किती वेळ लागला हे मोजतात. सराव पहाटे साडेचारला केला की सकाळी सातला, हे कोणी विचारत नाही.

आता बिबट्याविषयी. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांतल्या बिबट्यांच्या कैक पिढ्या उसातच जन्मल्या आणि उसातच वाढल्या. आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास उभा असतो. त्याला पाणी आहे, दाट आडोसा आहे, आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या, डुकरे हाताशी आहेत. त्यामुळे “जंगलातून बिबट्या आला” ही समजूत आपल्या भागापुरती तरी सोडून द्यावी. तो तिथेच राहतो, असे धरूनच दिनक्रम ठरवावा. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात लहान मुलांसह तिघांचा बळी गेला, त्यानंतर आपल्या भागात जी भीती आहे तिला कोणी अतिशयोक्ती म्हणू नये. मात्र बिबट्याच्या हल्ल्यांत मुले, वयस्कर माणसे आणि शेतात ओणवे होऊन काम करणारे किंवा उघड्यावर बसलेले लोक अधिक सापडतात, हेही लक्षात ठेवावे. उभा, मोठ्या चणीचा, आवाज करणारा माणूस हे त्याचे नेहमीचे भक्ष्य नाही. आपला मुलगा उभा असतो हे खरे, पण अंधारात, एकटा, कानात इअरफोन घालून, उसाच्या पानांना हात लागेल इतक्या जवळून तो पळत जातो, आणि पळणाऱ्या गोष्टीचा पाठलाग करणे हे मांजरकुळातल्या कोणत्याही प्राण्याच्या अंगभूत स्वभावात असते.

म्हणून पूर्ण उजाडल्याशिवाय त्या रस्त्याला जाऊ नये. उजाडल्यावरही दोघा-तिघांनी मिळून, मोठ्याने बोलत, रस्त्याच्या मधोमध जावे. बुटाची नाडी बांधायला उसाकडे पाठ करून खाली बसू नये. नाडी घरीच दुहेरी गाठ मारून बांधावी. सोबतीला म्हणून कुत्रा मुळीच नेऊ नये, कारण बिबट्याला कुत्र्याइतके ओढून आणणारे दुसरे काही नाही. बिबट्या समोर दिसलाच तर पळायचे नाही, वाकायचे नाही आणि दगडही उचलायचा नाही; जागीच ताठ उभे राहून हात डोक्याच्या वर पसरावेत, भसाड्या आवाजात ओरडावे, आणि त्याच्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे घेत त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिल्ले सापडतात. त्यांना हात लावू नये, फोटोसाठी रेंगाळू नये. त्यांची आई आसपासच असते. वन विभागाचे लोक अशी पिल्ले रात्री त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा मादी येऊन ती घेऊन जाते. वन विभागाच्या मदतीसाठी १९२६ हा क्रमांक आहे, तो मुलाच्या आणि आपल्याही फोनमध्ये साठवून ठेवा. जनावर दिसल्याची बातमी पसरून गर्दी जमू देऊ नका. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा माणसांच्या गलक्याने सैरावैरा धावला आणि त्याच दिवशी मेला. बिबट्या असा कोंडला गेला, तर मरण्याआधी तो दोघा-चौघांना फाडतो.

प्रश्न : मी सकाळी सहा वाजता आमच्या कॉलनीच्या मागच्या रस्त्याने धावते. तिथे सात-आठ मोकाट कुत्री आहेत. चालताना ती काही करत नाहीत, पण धावू लागले की अंगावर येतात. एकदा पोटरीला दात लागले; रक्त आले नाही म्हणून मी हळद लावून सोडून दिले. घरी सगळे म्हणतात, काठी घेऊन जा. आपले मत काय?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : काठीचा विचार नंतर करू. आपल्या पत्रातले “रक्त आले नाही म्हणून सोडून दिले” हे वाक्य वाचून मला फार काळजी वाटली. दात लागून कातडी नुसती खरचटली असली तरी रेबीजची लस घ्यावी लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की त्यावर उपचार जवळजवळ नाहीत आणि रुग्ण वाचत नाही. उलट लक्षणांपूर्वी योग्य उपचार पूर्ण घेतले तर हा रोग टाळता येतो. आपल्याला दात लागून काही आठवडे झाले असले तरीही आजच सरकारी रुग्णालयात जा, घटना सांगा आणि लस सुरू करा. विषाणूला मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोहोचायला आठवडे, कधी महिने लागतात, त्यामुळे उशीर झाला असला तरी लस घेण्यात अर्थ असतो. पोटात चौदा इंजेक्शने देण्याचे दिवस केव्हाच गेले. आता दंडात स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस देतात. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. एखादा दिवस चुकवू नका.

यापुढे कोणालाही कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पुरती १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पाहिले तर कळते, की १५ मिनिटे हा बराच मोठा वेळ आहे आणि बहुतेक लोक दोन मिनिटांत हात आवरता घेतात. परंतु जखमेतला विषाणू जागच्या जागी मारण्याचे निम्मे काम या धुण्यानेच होते. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही लावू नये. जखम खोल असेल, रक्त आले असेल, किंवा चेहऱ्याला अथवा हाताला चावा असेल, तर लसीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन द्यावे लागते. डॉक्टरांनी ते विसरू नये म्हणून आपण होऊन विचारावे. कुत्रा पाळीव आहे, त्याला लस दिली आहे, तो दहा दिवस जिवंत राहतो का ते पाहू, अशा विचारात पहिला डोस लांबवू नये. रोज कुत्र्यांच्या वाटेने धावणाऱ्यांनी चावण्याआधीच घ्यायच्या लसीविषयी आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावे. ती घेतलेली असली, की पुढे चावा बसल्यावर दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

आता त्या सात-आठ कुत्र्यांविषयी. चालताना ती गप्प असतात हे आपणच लिहिले आहे, आणि उपायही त्यातच आहे. त्यांच्या हद्दीच्या पन्नासेक पावले अलीकडे धावणे थांबवा, चालत ती हद्द पार करा आणि पुढे पुन्हा धावू लागा. अंगावर आलीच तर थांबा, हात छातीशी घ्या, नजरेला नजर न देता थोडे तिरके उभे राहा आणि पाठ न फिरवता हळूहळू बाजूला व्हा. दगड उचलल्याचा नुसता आविर्भाव केला तरी आपल्याकडची बरीच कुत्री मागे हटतात, हे मी पाहिले आहे; पण टोळीत एखादे बिथरलेले कुत्रे असेल तर त्याच आविर्भावाने ते पुढे झेपावते, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. काठी सोबत असू द्या, परंतु ती मारण्यासाठी नव्हे, तर कुत्रे आणि आपण यांच्यामध्ये आडवी धरण्यासाठी. थंडीच्या दिवसांत कुत्रीला पिल्ले झालेली असतात; अशा वेळी तो रस्ता महिना-दीड महिना सोडून दिलेला बरा. मटणाच्या दुकानांमागचा उकिरडा, मंगल कार्यालयाचे मागचे दार आणि कचराकुंडी या तीन ठिकाणांवरून धावण्याचा मार्ग कधीच आखू नये. नगरपालिकेकडे निर्बीजीकरणासाठी आणि लसीकरणासाठी लेखी अर्ज करा, आणि त्यावर कॉलनीतल्या दहा-वीस जणांच्या सह्या घ्या.

प्रश्न : देवगडजवळ आमच्या गावी सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) धावायला फार सुंदर जागा आहे, पण फुरसे आणि घोणस यांची भीती वाटते. पावसाळ्यात संध्याकाळी धावावे का? साप चावल्यास आवळून बांधावे का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : आवळून बांधू नये. कापू नये, चोखू नये, बर्फ लावू नये. एवढे आधी पाठ करून मग पुढचे वाचावे.

महाराष्ट्रात माणसे दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आपल्या कातळसड्यावर फुरसे विशेष. ते हातभर लांबीचे, मातकट रंगाचे, जांभा दगडाखाली किंवा गवताच्या झुबक्यात बसलेले असते. डिवचले की वेटोळी एकमेकांवर घासून खरखर असा आवाज करते, पण धावणाऱ्याच्या कानापर्यंत तो आवाज वेळेत पोहोचत नाही. घोणस अंगाने जाड असते, तिच्या पाठीवर साखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, आणि वाळक्या पाल्यात ती पडून राहिली तर दोन पावलांवरूनही ओळखू येत नाही. जवळ गेल्यावर मात्र ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. थंडीच्या दिवसांत ती सकाळच्या उन्हात पायवाटेच्या कडेला येऊन पडते, त्यामुळे सापांचा धोका पावसाळ्यातच असतो असे समजू नये. मण्यार रात्रीची हिंडते आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही.

सड्यावर धावायचेच तर पूर्ण उजेडात, मळलेल्या वाटेच्या मधून, पाऊल कुठे पडते ते दिसेल इतक्याच वेगाने धावावे. गवतात आणि सुट्या दगडांत पाय घालू नये. विसावा घेताना न पाहता दगडावर हात टेकू नये. संध्याकाळी सातनंतर, विशेषतः पाऊस उघडल्यावर, डांबरी रस्त्यावरही साप आडवे येतात. अशा वेळी निघालात तर विजेरी कपाळावर लावण्याऐवजी हातात, कंबरेच्या खाली धरावी. खालून तिरक्या पडणाऱ्या उजेडात जमिनीवरच्या उंचवट्याची सावली पडते आणि वेटोळे उठून दिसते. अनवाणी धावण्याची सध्या टूम आहे, ती सड्यावर कृपा करून नको.

दंश झालाच तर बसून घ्यावे, पायातील बूट आणि पैंजण, हातातील अंगठी काढावी, कारण सूज आली की ती निघत नाहीत. दंश झालेला अवयव लाकडाच्या पट्टीने किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्राने मोडलेल्या हाडासारखा स्थिर बांधावा; स्थिर बांधणे म्हणजे रक्तप्रवाह थांबेल इतके करकचून बांधणे नव्हे. स्वतः चालत जाऊ नये, दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसून किंवा १०८ च्या रुग्णवाहिकेने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जावे. आपल्या गावापासून असे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे प्रतिविषाचा साठा असतो का, याची चौकशी आजच, कोणाला काही झालेले नसताना, करून ठेवावी. साप मारून किंवा पकडून नेण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष या चारही सापांवर चालते. रुग्णालयात डॉक्टर थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत काढतात आणि ती नळी २० मिनिटे न हलवता ठेवतात. तेवढ्या वेळात रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनते आहे असे कळते. नातेवाइकांना वाटते, की डॉक्टर नुसते बसून आहेत, आणि ते पेशंटला उचलून मांत्रिकाकडे नेतात. त्या २० मिनिटांत कृपया धीर धरावा.

प्रश्न : आमचा पंचवीस जणांचा गट दर रविवारी किल्ल्यांच्या पायवाटांवर धावतो. मागे एका गडावर मधमाश्या उठल्या आणि सगळे जागीच जमिनीवर पालथे पडून राहिले. दोघांना दवाखान्यात न्यावे लागले. बरोबर काय होते?
— गटप्रमुख, नाशिक

उत्तर : पालथे पडणे चूक होते. बिबट्यासमोर पळू नये, कुत्र्यासमोर पळू नये. मधमाश्या उठल्या तर मात्र जिवाच्या आकांताने पळावे. आग्या माश्यांचे मोहोळ कड्याच्या कपारीखाली किंवा उंच झाडाच्या फांदीला उघडेच लोंबत असते. एका माशीने डंख मारला, की त्यातून जो वास सुटतो तो बाकीच्यांना तिथेच बोलावतो, म्हणून त्या जागी थांबणाऱ्याला डंख वाढतच जातात. टीशर्ट वर ओढून नाक-तोंड आणि डोळे झाकावेत, हात न झटकता सरळ रेषेत पळत सुटावे आणि गाडीत, खोलीत किंवा दाट झुडपांत शिरावे. पाण्यात उडी मारू नये. डोके वर काढण्याची वाट पाहत माश्या वर घोंघावत राहतात. कड्याच्या वाटेवर मात्र आधी पायाखाली पाहावे. अशा वाटेवर पळून जायला जागाच नसेल, तर तिथून पंचवीस जणांचा गट नेऊच नये.

डंखाची नांगी कातडीत राहते आणि तिची विषाची पिशवी काही वेळ आकुंचन पावत विष सोडत असते. नीट पाहिले तर ती धडधडताना दिसते. ती नखाने, कार्डाच्या कडेने, जशी जमेल तशी ताबडतोब खरवडून काढावी. ओठ किंवा जीभ सुजली, अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला, भोवळ आली, तर ती गंभीर ॲलर्जी आहे आणि तिथे ॲड्रिनलिनचे इंजेक्शनच लागते. घरगुती उपायांत वेळ दवडू नये. पन्नास-शंभर डंख बसलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी रुग्णालयात ठेवावे, कारण विषाचा परिणाम मूत्रपिंडांवर नंतर दिसतो. गटात कोणाला पूर्वी अशी ॲलर्जी झाली आहे का, हे गटप्रमुखाला ठाऊक असलेच पाहिजे. गडावर चूल पेटवणे, धूर करणे, शिट्ट्या-आरोळ्या, उग्र अत्तर या गोष्टी बंद कराव्यात, आणि निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात मोहोळ कोणत्या बाजूला बसले आहे ते विचारावे. गुराख्यांना ते नक्की माहीत असते.

प्रश्न : चंद्रपूर शहराबाहेरच्या जंगलरस्त्यावर आम्ही तिघे मित्र पहाटे धावतो. तिघे असल्यावर वाघाची भीती नाही ना?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : भीती आहे. आपल्या शहराच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारातही वाघ फिरतात, हे आपणास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. वाघांच्या वहिवाटीच्या जंगलरस्त्यावर झुंजूमुंजू होण्याआधी पायी जाणे हा धोका संख्येने कमी होत असला तरी टळत नाही, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात परवानगीशिवाय पायी शिरणे हा गुन्हाही आहे. त्यातून आपल्याकडे अस्वल आहे. मोहफुलांच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, अस्वल आणि माणूस दोघेही भल्या पहाटे मोहाच्या झाडाखाली येतात. अस्वलाची नजर अधू असते, ते खाण्यात गुंग असते, आणि पाच-दहा पावलांवर अचानक माणूस दिसला की घाबरून सरळ तोंडावर हल्ला करते. अस्वल अंगावर आलेच आणि सुटका नसेल, तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान आणि डोके झाकावे, ते निघून जाईपर्यंत हालचाल करू नये. पण त्या प्रसंगापर्यंत जाऊच नका. शहरातल्या मैदानावर धावा. मार्च ते जून तर नक्कीच.

प्रश्न : मी एकटीच धावते. गेल्या आठवड्यात एक दुचाकीस्वार दोन दिवस मागे-मागे आला. घरी सांगितले तर धावणेच बंद करतील. मी काय करू?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : धावणे बंद करू नकोस, मात्र घरातल्या एका तरी माणसाला, आईला, मावशीला किंवा बहिणीला, हे आजच सांग. यात तुझा काडीचाही दोष नाही. गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेव आणि पोलिसांत तक्रार नोंदव. तातडीच्या प्रसंगी ११२ लावावा. मार्ग आणि वेळ आठवड्यातून दोन-तीनदा बदल. तो पुन्हा मागे आला तर घराकडे वळू नकोस, दूधकेंद्र, चहाची टपरी, पेट्रोल पंप असे माणसांचे ठिकाण गाठ आणि तिथून फोन कर. धाव मोजणारे जे ॲप तू वापरत असशील, त्यात धाव कुठून सुरू झाली आणि कुठे संपली हे नकाशावर अनोळखी माणसालाही दिसू शकते; सेटिंगमध्ये जाऊन घराजवळचा भाग लपवता येतो, तो आजच लपव. इअरफोन दोन्ही कानांत नको. तुझ्या शहरात मुलींचे धावण्याचे गट आहेत, रंकाळ्यावर पहाटे माणसांचा राबता असतो. काही महिने तिथे धावलीस तर सोबतही मिळेल.

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, सध्या कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ राहतो. इथल्या डोंगरवाटांवर अस्वल आणि माउंटन लायन यांच्या पाट्या आहेत. गावाकडे शिकलेले इथे चालेल का?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : माउंटन लायन हाही मांजरकुळातलाच मोठा प्राणी, त्याला आपल्या बिबट्याचेच नियम लागू आहेत : पळू नये, वाकू नये, मोठे दिसावे, ओरडावे. एक गोष्ट आणखी. त्याने झडप घातलीच तर प्रतिकार करावा, असे तिथले वन्यजीव अधिकारी स्पष्ट सांगतात. २०१९ च्या फेब्रुवारीत फोर्ट कॉलिन्सजवळच्या हॉर्सटूथ माउंटनवर एका धावपटूवर मागून झडप पडली. त्याने झटापट करून त्या अर्धवट वाढीच्या जनावराला ठार केले आणि तो वाचला. कोलोरॅडोतले काळे अस्वलही बहुधा आवाजाने निघून जाते. त्यानेही हल्ला केला तर प्रतिकारच करावा. वर चंद्रपूरच्या पत्राला दिलेले पालथे पडण्याचे उत्तर तिथे लागू नाही. आपल्याला नवखा असा खरा धोका तिथल्या मूस या घोड्याहून थोराड हरणाचा आहे. त्याने कान मागे पाडले आणि मानेवरचे केस उभे केले, की ते धावून येणार असे समजावे. तेव्हा मात्र पळावे आणि जाड झाडाच्या किंवा खडकाच्या आड जावे. कुत्रा दिसला की मूस विशेष चवताळते, म्हणून कुत्रा दोरीशिवाय नेऊ नका.

प्रश्न : मे महिन्यात संध्याकाळी धावताना वळवाचा पाऊस गाठतो. झाडाखाली थांबावे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : एकट्या झाडाखाली मुळीच थांबू नये. मराठवाड्यात आणि विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसे दगावतात, आणि त्यांत झाडाच्या आश्रयाला गेलेली माणसे पुष्कळ असतात. झाडावर पडलेली वीज खोडातून बाजूच्या माणसावर उडते, जमिनीतून पायांतही शिरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता आधी कळवते. एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात धावायला निघण्यापूर्वी ते पाहावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज धोक्याच्या अंतरात आहे. लगेच पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. पत्र्याची उघडी शेड, बस थांबा, शेततळ्याचा बांध आणि विजेचा खांब टाळावा. माळावर अडकलात आणि जवळ काहीच नसेल, तर आडवे न पडता पाय जुळवून उकिडवे बसावे, कान झाकावेत, आणि बरोबरच्यांनी एकमेकांपासून लांब राहावे. कोणावर वीज पडलीच तर त्याच्या अंगात वीज उरत नाही, त्याला हात लावायला भिऊ नये. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब देऊन हृदय चालू करण्याचा प्रयत्न सुरू करावा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटे थांबून मगच बाहेर पडावे, आभाळ त्याआधी मोकळे दिसू लागले तरीही.